सीझनला वर गेलेली मुलं

एप्रिल उजाडला की ताथवड्यातल्या पीजींचे जिने बॅगांनी अडतात. इंजिनिअरिंगची मुलं सबमिशनच्या घाईत असतात, एमबीएवाली इंटर्नशिपची पत्रं गोळा करत असतात, पण हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांचं सामान लांबूनही ओळखू येतं. पॉलिश केलेले काळे बूट वेगळ्या पिशवीत, दोन काळ्या पँटी, इस्त्रीचे पांढरे शर्ट, किचनला जाणाऱ्याकडे कापडात गुंडाळलेल्या सुऱ्या आणि घरून आलेला चिवड्याचा डबा. बायपासच्या सर्व्हिस रोडवर रिक्षा थांबवून ती स्वारगेटला निघतात. कुठं निघालात विचारलं तर उत्तर ठरलेलं, “सीझनला.” सीझन म्हणजे बहुतेकांचा महाबळेश्वर नाहीतर पाचगणी. थोडे लोणावळ्यात थांबतात, एखाददुसरा माथेरान गाठतो.

मी ताथवड्यात राहते, त्यामुळे ही ये-जा दरवर्षी डोळ्यांसमोर होते. २००९ मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं आणि त्यानंतर इथली जमीन झपाट्याने उभी राहू लागली. वीस-पंचवीस मजली इमारती, कॉलेजं, होस्टेलं, मेसचे फलक. जुन्या गावठाणात नृसिंहाचं मंदिर आहे, पशुसंवर्धनाचं वळूंच्या पैदाशीचं प्रक्षेत्र आहे, शेजारून पवना वाहते. एका अंगाला हिंजवडीची आयटी, दुसऱ्या अंगाला पिंपरी-भोसरीपासून चाकणपर्यंत पसरलेले कारखाने. इथं येणारा प्रत्येक जण कामासाठी किंवा कामाचं शिक्षण घेण्यासाठी येतो. आणि त्यातलीच काही मुलं ऐन उन्हाळ्यात कामासाठी डोंगर चढतात.

माझी भाची त्यांच्यातलीच एक. मे महिन्यात ती महाबळेश्वरच्या एका हॉटेलात कामाला होती, तेव्हा मीही वर जाऊन बाजारपेठेतल्या एका साध्या खोलीत राहिले. ती कामावर असताना गावात फिरले, ती सुटली की तिच्याबरोबर आणि तिच्या सोबतच्या मुलामुलींबरोबर रानात. महाबळेश्वर मी लहानपणापासून पाहिलं होतं. सगळ्या मराठी घरांनी पाहिलेलं असतं तसंच: वेण्णा तलाव, घोडा, मक्याचं पॅटिस, बॉम्बे पॉइंटचा सूर्यास्त आणि परतीच्या गाडीत चण्यांची पुडी. या वेळी जे गाव दिसलं ते त्याच रस्त्यांवरचं असूनही निराळं होतं, आणि माझी खात्री झाली की थंड हवेचं ठिकाण खऱ्या अर्थाने पाहावं ते तिथे राबणाऱ्याने. फक्त त्याला पाहायला उसंत मिळाली पाहिजे.

वाटेवरच एक जुना व्यवहार लागतो. ताथवड्याहून निघालं की बायपासने चांदणी चौक, कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूर, शिरवळ आणि मग खंबाटकीच्या पायथ्याचं खंडाळा. एसटीच्या पाटीवर ‘पारगाव-खंडाळा’ असतं ते. या खंडाळ्याकडे कुणी मान वळवूनही पाहत नाही, पण महाबळेश्वर हे गिरिस्थान झालं त्यात या गावाचा वाटा आहे. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याला डोंगरावर गोऱ्या सोजिरांसाठी आरोग्यधाम हवं होतं. तो भाग साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचा. १८२८-२९ च्या सुमारास करार झाला, कंपनीला वरची जागा मिळाली आणि तिच्या बदल्यात महाराजांना वाई भागातलं खंडाळा. माल्कमच्या नावाने वर जी वसाहत उठली ती माल्कमपेठ. त्याच्या आधी, १८२४ मध्ये, लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी हा डोंगर चढून आला होता. त्याच्या नावाचा पॉइंट आणि त्याच्या मुलाने उभारलेला स्तंभ आजही आहे.

पुस्तकांत ही नावं येतात. गाव उभं कुणी केलं, रस्ते कुणी खणले, बागा कुणी लावल्या, हे शोधावं लागतं. माल्कमपेठेत एक तुरुंग होता आणि त्यात चिनी कैदी होते, मलायाकडच्या इंग्रजी वसाहतींतून शिक्षा भोगायला इथवर आणलेले. त्यांनी या उतारांवर बटाटे आणि परदेशी भाज्या पिकवल्या, टोपल्या विणल्या, रस्त्यांच्या कामावर घाम गाळला. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. चायनामन फॉल्स हे धबधब्याचं नाव तेवढं मागे राहिलं. त्याच डोंगरात धावड लोक जांभ्यातलं लोखंड गाळत. भट्ट्यांना कोळसा लागे, कोळशाला झाडं लागत. जंगलावर सरकारी बंधनं आली तशा त्या भट्ट्या विझल्या आणि धावडांना दुसरी कामं धरावी लागली. वेण्णा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याच्या शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी बांधवून घेतला. आज त्या पाण्यावर होड्या चालतात. महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन्ही गावांचं पिण्याचं पाणीही त्याच तलावातून येतं.

पुढे दर उन्हाळ्यात मुंबईचं सरकार दप्तरासकट इथे मुक्कामाला येई. साहेब आला की खानसामा आला, माळी आला, धोबी, मोची, हमाल आले. म्हणजे सीझनला वर जाऊन राबण्याची रीत या गावाच्या जन्मापासूनची आहे. खाली उतरण्याचीही. पावसाळ्यात इथे साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वी भिंतींना बाहेरून वाळल्या गवताचे जाड पडदे बांधत आणि ज्याला शक्य असेल तो चार महिने उतरून जाई. अजूनही जूनच्या मध्यावर हॉटेलांतली निम्मी माणसं गाठोडी बांधतात.

आता मुलांचं काम. भाची हाउसकीपिंगला होती. खोली लावणं म्हणजे चादर बदलणं, अशी माझीही समजूत होती. एका दुपारी तिच्या सुपरवायझर ताईंनी मला उभं राहून पाहू दिलं.

पाहुणा गेलेली खोली. दोघी मुली आत शिरल्या. एकीने खिडकी उघडली आणि ती तिथेच उभी राहिली, कारण खिडकी उघडी टाकून पाठ फिरवली की माकड आत येतं आणि चहाच्या ट्रेमधली साखरेची पाकिटं, बिस्किटं, कधी पाहुण्याचा विसरलेला चष्मासुद्धा घेऊन जातं. दुसरीने पलंग उघडा केला. चादरी, खोळी, टॉवेल मोजून जमिनीवर वेगवेगळे ढीग. टॉवेल उलगडून उजेडात धरला, तर त्यावर लाल पट्टे. महाबळेश्वरची माती जांभ्याची, ती बुटांना चिकटते आणि पाहुणे आंघोळीच्या टॉवेलने बूट पुसतात. हा लाल रंग साध्या धुण्याने जात नाही. असे टॉवेल वेगळे बांधायचे, लाँड्रीला सांगायचं, मग ते आधी भिजत पडतात. उशीच्या खोळीवर स्ट्रॉबेरीचा डाग निघाला, तो तिसऱ्या गाठोड्यात. मग बाथरूम, आरसा, नळ. मग गादीवर खालची चादर, तिच्या कोपऱ्याची पाकिटासारखी घडी, पंचेचाळीस अंशांची रेघ बोटाने दाबून. वरची चादर, ब्लँकेट, रजई, खोळीची शिवण दाराच्या विरुद्ध बाजूला. शेवटी एकीने दारात उभं राहून खोलीभर नजर फिरवली आणि परत आत जाऊन पडद्याची एक चुणी सरळ केली. ही चुणी कुणाच्या लक्षात आली असती का, मी विचारलं. “लक्षात येत नाही मावशी, पण खोली स्वच्छ वाटते की नाही, ते यावरूनच ठरतं,” असं तिने सांगितलं. सीझनमध्ये चेक-आउट आणि चेक-इन यांच्यात दोन-तीन तास मिळतात आणि मजल्यावरच्या सगळ्या खोल्या तेवढ्यात व्हायच्या असतात.

भाचीच्या सोबतच्या, किचनमधल्या मुलाची दुनिया वेगळी. तो पहाटेच उठतो. नाश्त्याला पोहे, उपमा, इडली, ब्रेड, अंडी आणि त्याशिवाय जैन नाश्ता, कारण मेमध्ये इथे गुजरातची आणि मुंबईची गुजराती कुटुंबं मोठ्या संख्येने असतात. कांदा-लसूण-बटाटा नसलेलं सगळं वेगळ्या कढईत, वेगळ्या पळीने, वेगळ्या ओट्यावर. हे पाळणं त्याला कॉलेजात एका तासात शिकवलं होतं. इथे एका आजींनी बुफेवर येऊन पळी कोणती म्हणून विचारलं आणि त्याला ते कायमचं कळलं. जेवण बनवणारा समोरच्याची श्रद्धा हातात धरून असतो, हे त्याचं वाक्य नाही, माझं आहे. त्याने फक्त एवढं सांगितलं की त्या दिवसापासून तो पळ्यांना रंगीत दोरा बांधतो.

रेस्टॉरंटची मुलं ब्रेक शिफ्टला असतात. सकाळी नाश्ता आणि दुपारचं जेवण, मधे दोन-तीन तास मोकळे, संध्याकाळी सातपासून पुन्हा रात्री उशिरापर्यंत. कागदावर हे तास कमी दिसतात. अंगावर ते पूर्ण दिवसाचे बसतात, कारण मधल्या वेळात झोपावं तर झोप लागत नाही आणि लागली तर उठवत नाही. या मधल्या तासांत माझ्या भाचीच्या गटाने एक शहाणपणाचा निर्णय घेतला होता. ते झोपत नसत. ते चालत.

मीही त्यांच्याबरोबर चालले. डॉ. साबणे रस्त्यावरची गर्दी, चपलांची आणि वेताच्या काठ्यांची दुकानं, चण्याच्या भट्ट्यांचा वास ओलांडून दहा-पंधरा मिनिटांत माणूस रानात शिरतो. महाबळेश्वरचं रान पहिल्या नजरेला भव्य नाही. झाडं बुटकी, वाकडी, फांद्या एकमेकींत अडकलेल्या. वारा, पातळ माती आणि खालचा जांभा यांच्याशी झगडत वाढलेली ही झाडं म्हणजे अंजन, जांभूळ, हिरडा, गेळा. अंजनाला उन्हाळ्यात फांदीला चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात. गाडीतून पॉइंट ते पॉइंट फिरणाऱ्याला ते दिसायची शक्यता कमी, कारण त्यासाठी झाडाखाली उभं राहून वर पाहावं लागतं. एकदा समोरच्या फांदीवरून शेकरू गेलं. तपकिरी-पिवळं, शेपटी अंगाएवढी. आपल्या राज्याचा प्राणी म्हणून त्याचं चित्र मुलांनी पुस्तकात पाहिलेलं. ती पाचही मुलं बोलायची थांबली आणि ते दिसेनासं होईपर्यंत मान वर करून उभी राहिली.

या चालण्यात त्यांच्या गुरू होत्या हॉटेलच्या लाँड्रीतल्या मावशी. तापोळ्याकडच्या एका वाडीतल्या. तोरणं कुठे पिकलीत, करवंदाची कोणती जाळी गोड, कोणत्या वाटेला दुपारनंतर जायचं नाही कारण गवे पाण्याला येतात, हे त्या चादरी झटकता झटकता सांगत. मुलांनी एका वहीत नकाशा काढायला घेतला होता. त्यात हॉटेलं नव्हती. पाण्याचे झरे, करवंदाच्या जाळ्या, सावलीच्या वाटा आणि माकडं बसतात ती झाडं होती. पर्यटन खात्याने छापावा असा तो नकाशा आहे, हे मी मनापासून म्हणते.

साप्ताहिक सुटी मिळाली तेव्हा आम्ही क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. बाजारपेठेपासून सहा-एक किलोमीटर. काळ्या दगडाच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून पाणी पडतं आणि कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री यांचा उगम इथला मानतात. सावित्री पश्चिमेला कोसळते आणि पोलादपूर-महाड करत बाणकोटला समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला वळते, वाईला जाते, साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णेला घेते, कऱ्हाडला कोयनेला, आणि सगळा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरापर्यंत चालते. तिथे उभं असताना किचनमधल्या त्या मुलाने विचारलं, “आपली पवना कुठं जाते?” मग आम्ही पायरीवर बसून ते जुळवलं. पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा थेट रायचूरच्या बाजूला जाऊन कृष्णेला. म्हणजे ताथवड्यातल्या होस्टेलच्या मागून वाहणारं पाणी आणि इथून निघणारं कृष्णेचं पाणी शेवटी एकाच पात्रात जातं. भूगोलाच्या तासाला ही वाक्यं सगळ्यांनी पाठ केलेली असतात. पण पवनेवरचा फेस रोज पाहणारी मुलं कृष्णेच्या उगमाशी बसून हे जुळवतात तेव्हा ती एकदम गंभीर होतात. खाली आपण काय सोडतो नदीत, यावर त्यांच्यात बराच वेळ बोलणं झालं. त्यात मी पडले नाही.

दुसऱ्या एका सुटीत काहीजण भिलारला जाऊन आले. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली, कुणीही जाऊन बसावं आणि वाचावं. दोघं मांघरला गेले, ज्याला २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून ओळख मिळाली. तिथे सातेरी मधमाश्यांच्या पेट्या घराच्या पडवीत, बांधावर, रानाच्या कडेला ठेवलेल्या असतात. जांभळाचा मध कडवट का लागतो आणि गेळ्याचा का वेगळा, हे पेटीवाल्याने त्यांना बोटावर चाटवून दाखवलं. त्यांतला एक मुलगा परत आला तो हॉटेलच्या बुफेवरची प्लास्टिकची मधाची पुडी घेऊन शेफकडे गेला. गावात असा मध असताना आपण हे का ठेवतो, असा त्याचा प्रश्न. शेफने भाव सांगितला, पुरवठ्याची अडचण सांगितली, तरी सीझनच्या शेवटच्या आठवड्यात एका कोपऱ्यात स्थानिक मधाची बरणी आली. एका ट्रेनी मुलाने एवढं केलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

स्ट्रॉबेरीचंही तसंच. भारतातल्या स्ट्रॉबेरीतला सुमारे ८५ टक्के वाटा महाबळेश्वर-पाचगणी परिसराचा आणि २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. मेपर्यंत तोडे संपत आलेले असतात. पाहुणे क्रीममधली स्ट्रॉबेरी खातात, मुलं मात्र शेवटच्या तोड्याला शेतात जाऊन पाठ वाकवून आली. देठ कसा खुडायचा म्हणजे फळावर बोट उमटत नाही, हे एका शेतकरीण काकूंनी त्यांना शिकवलं.

आता त्या लाँड्रीतल्या मावशींकडे परत येते, कारण या लेखाचं कारण त्या आहेत. मावशींची दोन मुलं. एक नवी मुंबईत बाजार समितीत माथाडी, दुसरा चाकणला एका कंपनीत कंत्राटावर, राहायला ताथवड्याच्या पलीकडे पुनावळ्यात. मी ताथवड्याची, म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, “तिकडं पाणी येतं का वेळेवर? पोरगं सांगत न्हाई.”

जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांची ही जुनी कहाणी आहे. डोंगरउतारावरची नाचणी-वरीची शेती पोट भरत नव्हती म्हणून घरटी एक माणूस मुंबईला गेला. मुंबईच्या गोदीत, धान्यबाजारात, कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर पाठीवर ओझी वाहणाऱ्यांत सातारा जिल्ह्याच्या या पट्ट्यातली माणसं मोठ्या संख्येने होती. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्याच सुमारास कोयनेचं धरण झालं, त्याच्या शिवसागर जलाशयाचं पाणी खोऱ्यात पसरलं आणि सुपीक तळजमिनी त्याखाली गेल्या. तापोळा-बामणोलीला पर्यटक आज होडीतून फिरतात, त्या पाण्याखाली कुणाची तरी भाताची खाचरं आहेत. पिंपरी-चिंचवडला कारखाने वाढले, मग चाकण आलं, तशी वाट मुंबईऐवजी इकडे वळली.

म्हणजे बघा, डोंगरातली मुलं चाकणच्या असेंब्ली लाइनवर आणि चाकणच्या पट्ट्यातल्या कॉलेजांची मुलं डोंगरावर ट्रे घेऊन. हॉटेलांत बाकीची माणसं नेपाळची, उत्तराखंडची, ओडिशाची, झारखंडची. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, तीही आपापलं घर चालवायला आलेली आहेत आणि भाचीला मोमो करायला त्यांच्यातल्याच एका भाऊने शिकवलं. पण स्वतःच्या दारात एवढा मोठा धंदा उभा असताना तापोळ्याच्या मुलाला पुनावळ्यात खोली घ्यावी लागते, हे मला खुपलं. मी हॉटेलांत विचारत फिरले. स्थानिक मुलं टिकत नाहीत, सणावाराला घरी जातात, असं उत्तर मिळालं. मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, सीझन तीन महिन्यांचा, कंपनी बारा महिन्यांची. पोरीचं स्थळ बघताना मुलीकडचे कंपनी विचारतात, हॉटेल विचारत नाहीत. मला मावशींचं उत्तर पटलं. बारा महिन्यांचा पगार, पीएफ आणि राहायला माणसाची खोली दिली तर स्थानिक मुलगा का टिकणार नाही?

राहायच्या खोलीबद्दल बोलायलाच हवं. जिथे पाहुण्यासाठी खोली काढता येते तिथे कुणी स्टाफची खाट टाकत नाही. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, बांधकामावर मर्यादा आहेत आणि त्या असायलाच हव्यात. नाहीतर हे रान आणि हे झरे एव्हाना संपले असते. पण त्या मर्यादांचा बोजा अखेर सगळ्यात खालच्या माणसावर येतो. गावातल्या स्टाफ क्वार्टरपैकी काही मी पाहिल्या. एक तळघरात होती, एकीला खिडकी नव्हती, एका ठिकाणी अंघोळीच्या पाण्यासाठी मुलांनी वेळा वाटून घेतल्या होत्या. मेमध्ये पाण्याचे टँकर चढतात तेव्हा आधी पाहुण्यांची टाकी भरते. एका खोलीत आठ खाटा, खाली बॅगा, वर दोरीवर आदल्या रात्रीचे गणवेश. दुपारी आणि पहाटे असं धुकं दाटतं की ते गणवेश वाळत नाहीत. मुलं दमट शर्ट घालून इस्त्रीने अंगावरच कोरडा करायचा प्रयत्न करतात आणि चटके बसवून घेतात. भाचीच्या दंडावर तसा डाग आहे.

तासांचंही बोललं पाहिजे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याचे ४८ तास आहेत, आठवड्याची सुटी आहे, जादा कामाला दुप्पट दर आहे. ‘प्रशिक्षणार्थी’ असा शिक्का बसला की मुलांना वाटतं यातलं आपल्याला काहीच लागू नाही. मागायचं कसं, हे त्यांना माहीत नसतं, कारण ज्याच्याकडे मागायचं, प्रमाणपत्रावर सही त्याच माणसाची लागते. काही हॉटेलं फार चांगलं वागवतात, सुटी देतात, स्टाफचं जेवण पाहुण्यांच्याच भाजीतून येतं, आजारी पडलं तर डॉक्टरकडे घेऊन जातात. काही सीझनभर एकही सुटी देत नाहीत. हा फरक नशिबावर सोडून चालणार नाही. कॉलेजांनी मुलं पाठवण्याआधी क्वार्टर जाऊन पाहावी, तास आणि सुटी लिहून घ्यावी. मुलांना पाठवणारे आईवडील फीची पावती नीट जपतात, या कागदाबद्दल विचारतही नाहीत.

राज्य सरकार आता ‘नवीन महाबळेश्वर’ उभारायला निघालं आहे. रस्ते विकास महामंडळाकडे हा प्रकल्प आहे, सुरुवातीला सातारा, जावळी, पाटण भागातली २३५ गावं त्यात होती. सह्याद्रीच्या याच कण्यावर, कोयनेच्या याच खोऱ्यात. विरोध करणारे पाण्याचा, जंगलाचा, दरडींचा मुद्दा मांडतात आणि तो खरा आहे. मला त्यात आणखी एक प्रश्न घालायचा आहे. तिथे काम कोण करणार, कुठे राहणार, आणि मावशींच्या वाडीतला मुलगा तिथे खाट टाकणार की व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसणार? आराखड्यात रस्ते, रोपवे, पॉइंट असतील. स्टाफ क्वार्टरही नकाशावर हव्यात, खिडकीसकट.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग खोऱ्यातून वर चढायला लागले. कोयनेकडून पांढरी भिंत यायची, प्रतापगड आणि मकरंदगड तिच्यात नाहीसे व्हायचे, आणि थोड्या वेळाने आपण स्वतःच आत असायचो. शीळकरी कस्तूर पहाटे गायला लागला. त्याची शीळ शाळकरी मुलाने रमतगमत घातल्यासारखी, मधेच सूर बदलणारी. हॉटेलात गाद्या उन्हात काढून गुंडाळणं सुरू झालं, चांदीची भांडी मोजून कपाटात गेली, नेपाळी भाऊंनी तिकिटं काढली. मुलांच्या हातात स्टायपेंडचा शेवटचा हप्ता आणि टिपांचा वाटा पडला. टिपांचा डबा सगळ्यांनी मिळून उघडला आणि भांडी घासणाऱ्या काकांनाही त्यात बरोबरीचा वाटा द्यायचं मुलांनी ठरवलं. रेस्टॉरंटच्या कॅप्टनने आधी नाही म्हटलं, मग मानलं.

खाली आल्यावर दोन मुलांनी हॉटेल लाइन सोडायचं ठरवलं. त्यांनाही मी दोष देत नाही. भाची आणि आणखी काहीजण टिकून आहेत. पावसाळाभर त्यांनी ताथवड्यात होस्टेलच्या गच्चीवर बसून नव्या मुलांना सीझनबद्दल सांगितलं. नकाशाच्या वहीच्या झेरॉक्स वाटल्या. आणि एक कागद तयार केला, वर जाण्याआधी हॉटेलला विचारायच्या प्रश्नांचा. क्वार्टर कुठे आहे, तिला खिडकी आहे का, एका खोलीत किती जण? अंघोळीला गरम पाणी किती वाजता? आठवड्याची सुटी कोणत्या वारी, आणि ती लेखी देणार का? टिपांचा हिशेब कोण ठेवतं? आजारी पडलो तर दवाखान्यात कोण नेणार? मुलींसाठी वेगळा प्रश्न: रात्रीची शिफ्ट संपल्यावर क्वार्टरपर्यंत कोण सोडणार?

दिवाळीच्या पाडव्यापासून वर पुन्हा गर्दी होते, भाऊबीजेला तर खोली मिळत नाही. तेव्हा तिथे फराळाच्या थाळ्या लागतात. यंदा आमच्या गल्लीतून पाच मुली दिवाळी सीझनला निघाल्या आहेत, वसुबारसेच्या पहाटेच्या एसटीने. पाचही जणींनी तो कागद हॉटेलांना पाठवला होता. चौघींना साप्ताहिक सुटी लेखी मिळाली आहे. पाचवीचं बोलणं अजून चालू आहे. सुटीचं लिहून आलं नाही तर ती वाईलाच उतरणार आहे, तिथे एका खानावळीत तिला काम मिळालं आहे.